औषधांच्या टिकाऊपणाची कसोटी

बरेच दिवस कपाटात पडून राहिलेली ॲस्पिरिनच्या गोळ्यांची बाटली उघडली, तर कित्येकदा तीतून व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. गोळ्यांचा रंग पांढराच असतो, आकार बदललेला नसतो, चिठ्ठीवरील अक्षरेही जशीच्या तशी असतात. तथापि बाटलीत जे काही आहे ते सर्वच्या सर्व ॲस्पिरिन राहिलेले नाही, असे हा वास सांगत असतो. हवेतील बाष्प गोळीत शिरते आणि ॲस्पिरिनच्या रेणूचे दोन तुकडे होतात. त्यांपैकी एक तुकडा ॲसिटिक अम्लाचा. व्हिनेगरचा आंबटपणा त्याचाच होय. दुसरा तुकडा सॅलिसिलिक अम्लाचा.

यात एक गंमत आहे. सॅलिसिलिक अम्ल हेच मुळात ताप व सांधेदुखी यांवरचे जुने औषध. परंतु ते पोटाला फार झोंबे. म्हणून १८९७ साली जर्मनीतील बायर कारखान्यात फेलिक्स हॉफमान याने त्याला ॲसिटिल गट जोडून ॲस्पिरिन तयार केले आणि १८९९ मध्ये ते बाजारात आले. म्हणजे रसायनज्ञाने जो गट परिश्रमपूर्वक जोडला, तोच पाणी हळूहळू सोडवून टाकते, आणि औषध आपल्या पूर्वावस्थेकडे परत जाते. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही ती पाहता येते. ताज्या गोळीच्या विद्रावात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले तर रंग फारसा बदलत नाही. जुन्या, ओल धरलेल्या गोळीच्या विद्रावात मात्र तत्काळ जांभळा रंग उमटतो. हा रंग सुट्या झालेल्या सॅलिसिलिक अम्लाचा निदर्शक आहे.

ॲस्पिरिनचा वास येतो हे रुग्णाचे भाग्यच म्हटले पाहिजे. बहुतेक औषधे बिघडताना अशी कोणतीही सूचना देत नाहीत. बिघडलेली भाजी डोळ्यांना दिसते, आंबलेले दूध जिभेला कळते. पण गोळीतील औषधाचा पाचवा भाग नाहीसा झाला, तर तो रुग्णाला कळत नाही, वैद्याला कळत नाही आणि विकणाऱ्यालाही कळत नाही. कळते ते एवढेच की ताप उतरला नाही. म्हणून औषध कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच ते किती दिवस टिकेल व बिघडले तर त्याचे काय होईल, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवावी लागतात.

पहिला प्रश्न वरवर सोपा वाटतो. औषध ठेवून द्यावे आणि दर काही महिन्यांनी तपासावे. ही पद्धत खरी आहे व ती आजही चालू असते. पण जे औषध तीन वर्षे टिकेल असे म्हणायचे, त्यासाठी तीन वर्षे वाट पाहत बसणे रुग्णांना परवडणारे नसते. येथे रसायनशास्त्रातील एक जुना नियम उपयोगी पडतो. स्वीडनचा शास्त्रज्ञ स्वांते अरेनियस याने १८८९ साली दाखवून दिले, की तपमान वाढले असता विक्रियेचा वेग नुसता वाढत नाही, तर ठरावीक प्रमाणात गुणाकाराने वाढतो. रेणूंची टक्कर झाली की विक्रिया झालीच असे नसते. टक्कर देणाऱ्या रेणूंपाशी एक किमान ऊर्जा असावी लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. तपमान थोडे वाढले तरी ही ऊर्जा बाळगणाऱ्या रेणूंची संख्या पुष्कळ वाढते. स्थूलमानाने दर १० अंशांना वेग दुप्पट ते तिप्पट होतो.

एका मध्यम सक्रियण ऊर्जेच्या विक्रियेचे उदाहरण घ्यावे. तिची सक्रियण ऊर्जा दर मोलला सुमारे ८३ किलोजूल धरावी. अशा विक्रियेचा वेग ३० अंश सेल्सिअसला जेवढा असेल, त्याच्या सुमारे २.९ पट ४० अंशांना आणि १९ पटींहून अधिक ६० अंशांना होतो. म्हणजे ६० अंशांच्या कपाटात महिनाभर ठेवलेल्या औषधाचे जे होईल, ते ३० अंशांच्या खोलीत होण्यास दीड वर्षाहून अधिक काळ लागेल. काळाला असे दामटून पुढे नेण्याच्या या युक्तीवरच औषधांची त्वरित परीक्षा उभी आहे.

परंतु हा नियम डोळे मिटून लावता येत नाही. अंडे उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत घट्ट होते. म्हणून ३० अंशांच्या पाण्यात ते काही दिवसांनी घट्ट होईल असे कोणी म्हटले, तर ते चूक ठरेल. अंड्यातील प्रथिनांच्या घड्या एका विशिष्ट तपमानापुढेच उलगडतात. इन्सुलिन व लसी यांसारख्या प्रथिनयुक्त औषधांच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येते. जिलेटिनच्या कॅप्सुली उष्णतेने मऊ पडतात, गुदमार्गे घालावयाच्या मेणट वड्या सरळ वितळतात. अशा ठिकाणी भट्टीतील अनुभव खोलीला लावणे म्हणजे गणिताचा दुरुपयोग करणे होय.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. औषध बिघडले म्हणजे त्याचे काय होते? पुष्कळ काळपर्यंत अशी समजूत होती की जुने औषध फार तर निरुपयोगी होईल, अपाय करणार नाही. या समजुतीला १९६३ साली मोठा धक्का बसला. अमेरिकेतील काही रुग्णांनी मुदत उलटलेल्या, बिघडलेल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सुली घेतल्या होत्या. त्यांना मळमळ व ओकाऱ्या सुरू झाल्या, अतिशय तहान लागू लागली, लघवीचे प्रमाण वाढले आणि लघवीत साखर व प्रथिने आढळली. रक्तातील साखर मात्र वाढलेली नव्हती. अर्थात हा मधुमेह नव्हता. मूत्रपिंडातील ज्या सूक्ष्म नलिका उपयुक्त द्रव्ये गाळातून परत शोषून घेतात, त्यांनाच इजा झालेली होती. या विकाराला फॅन्कोनी लक्षणसमूह असे नाव आहे. औषध बंद केल्यावर विकार हळूहळू ओसरला.

शोध घेता दोष टेट्रासायक्लिनच्या रेणूत घडलेल्या दोन बदलांत सापडला. सौम्य अम्लात या रेणूच्या चौथ्या कार्बनावरील गट आपली बाजू बदलतो. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात घालावा तसा तो उलटतो. यात एकही अणू कमी होत नाही, तरीही औषधाची जंतुनाशक शक्ती बहुतांशी जाते. याखेरीज अम्लामुळे रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो. हे दोन्ही बदल एकाच रेणूत झाले म्हणजे जे द्रव्य तयार होते त्याचे नाव एपिअनहायड्रोटेट्रासायक्लिन, आणि मूत्रपिंडाला अपाय करणारे हेच. उष्णता व ओल यांनी ही क्रिया वेगाने होते. त्यात भर म्हणजे त्या काळच्या कॅप्सुलींत साहाय्यक द्रव्य म्हणून सायट्रिक अम्ल घातलेले असे. औषधाला मदत व्हावी म्हणून घातलेले द्रव्यच त्याचा घात करीत होते! पुढे सायट्रिक अम्लाऐवजी दुग्धशर्करा घालण्यात येऊ लागली, आणि या अपायकारक द्रव्याचे प्रमाण किती असू द्यावे यावर औषधकोशांनी मर्यादा घातली.

या प्रकरणापासून औषधाची मात्रा किती उरली हे मोजणे पुरेसे नाही, जे गेले त्याचे काय झाले हेही शोधले पाहिजे, ही दृष्टी दृढ झाली. यासाठी जी परीक्षा घेतात तिला ताण-परीक्षा म्हणता येईल. ही परीक्षा व वर सांगितलेली त्वरित परीक्षा यांत पुष्कळदा घोटाळा होतो. त्वरित परीक्षेत विक्रीसाठी बांधलेले औषध ४० अंश तपमान व ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता यांमध्ये सहा महिने ठेवतात व ते तग धरते की नाही हे पाहतात. ताण-परीक्षेत औषधाने तग धरावा अशी अपेक्षाच नसते. येथे ते जाणूनबुजून बिघडवावयाचे असते. पुलाची एक तुळई मोडेपर्यंत दाबून ती कोठे मोडते हे अभियंता पाहतो, तसाच हा प्रकार आहे. हिच्यासाठी औषधाची एक खेपही पुरते.

औषध बिघडविण्याचे मार्ग निसर्गात आहेत तेच, फक्त तीव्र केलेले. काही भाग सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात ठेवतात, काही दाहक सोड्याच्या विद्रावात, काही नुसत्या पाण्यात. ऑक्सिजनचा परिणाम पाहण्यासाठी बहुधा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. कोरडी भुकटी ५०, ६० अंशांच्या व त्याहून अधिक तपमानाच्या कपाटांत जाते. ओलीसाठी ७५ टक्के किंवा त्याहून अधिक आर्द्रता लागते. हा आकडा साध्या मिठानेही साधता येतो, कारण मिठाच्या संपृक्त विद्रावावर कोंडलेल्या हवेची आर्द्रता सुमारे तेवढीच असते. उरला प्रकाश. आंतरराष्ट्रीय संकेतानुसार नमुन्यावर निदान १२ लाख लक्स-तास इतका दृश्य प्रकाश व त्याबरोबर जंबुपार किरणांची ठरावीक मात्रा पडली पाहिजे. भर उन्हाचा प्रकाश सुमारे १ लाख लक्स असतो हे लक्षात घेतले, तर हा आकडा फार मोठा वाटणार नाही. प्रत्येक प्रयोगासोबत दोन मूक साक्षीदार ठेवावे लागतात: ताण न दिलेले औषध, आणि औषधाविना नुसते अम्ल किंवा पेरॉक्साइड. नाही तर पेरॉक्साइडमधील अशुद्धीलाच औषधाचा तुकडा समजण्याची चूक होते.

प्रत्येक औषधाचे मर्मस्थान वेगळे असते. पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंचे एक ताणलेले कडे असते. वाकवून बांधलेल्या बांबूप्रमाणे ते संधी मिळताच उघडते, आणि ते उघडले की जंतूंवरील प्रभाव संपला. अम्ल व क्षार दोन्ही त्याला वर्ज्य. म्हणूनच पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्ससारख्या कारखान्यांतून इंजेक्शनचे पेनिसिलिन कोरड्या भुकटीच्या रूपात कुप्यांत भरून बाहेर पडू लागले. पाणी घालावयाचे ते टोचण्याच्या वेळी. ॲड्रिनॅलिनचे वैर ऑक्सिजनशी असते. त्याचा विद्राव प्रथम गुलाबी व नंतर तपकिरी होतो. रक्तदाबावरील निफेडिपीन दिव्याच्या उजेडातही टिकत नाही, म्हणून त्यावरील काम पिवळ्या प्रकाशात करतात.

ताण किती द्यावा हा अनुभवाचा विषय आहे. सर्वसाधारणपणे औषधाचा शेकडा ५ ते २० भाग बिघडेल एवढा ताण योग्य मानतात. त्याहून कमी दिल्यास तुकडे सापडत नाहीत. फार दिल्यास तुकड्यांचेही तुकडे होतात, आणि जी द्रव्ये दुकानातील बाटलीत कधीही निर्माण झाली नसती त्यांच्या मागे लागून वेळ वाया जातो. काही औषधे मात्र काही केल्या दाद देत नाहीत. अशा वेळी पुरेसा ताण दिल्यानंतर हा रेणू या मार्गाने बिघडत नाही, असे नोंदवून थांबावे लागते.

बिघडलेल्या मिश्रणात कोणते द्रव्य किती आहे हे ओळखणे, हा या परीक्षेचा सर्वांत कठीण भाग. जुन्या मोजणीच्या पद्धती येथे कशा फसवितात याचे ॲस्पिरिन हेच उत्तम उदाहरण आहे. ॲस्पिरिन मोजण्याची एक परंपरागत रीत अशी, की ते जास्तीच्या दाहक सोड्याबरोबर उकळावयाचे व किती सोडा खर्ची पडला हे अनुमापनाने काढावयाचे. एका ॲस्पिरिनच्या रेणूला सोड्याचे दोन रेणू लागतात. आता तेच ॲस्पिरिन आधीच बिघडलेले असेल तर? सॅलिसिलिक अम्लाला एक व ॲसिटिक अम्लाला एक, असे पुन्हा दोनच लागतात! म्हणजे बाटलीतील अर्धे औषध तुटलेले असले, तरी त्याचे अम्ल उडून गेले नसल्यास ही रीत ते शंभर टक्के उत्तम ठरवील. म्हणूनच मोफत सुटलेले सॅलिसिलिक अम्ल वेगळे मोजण्याची अट घालावी लागली.

हा दोष वर्णलेखनाने दूर झाला. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पाझरवून त्यांचे वेगवेगळे पट्टे पाडले होते. आजच्या प्रयोगशाळेतील नळी पोलादी असते, भुकटी अतिसूक्ष्म कणांची असते आणि द्राव पंपाने मोठ्या दाबाखाली ढकलला जातो, तत्त्व तेच. भुकटीला अधिक चिकटणारे द्रव्य मागे रेंगाळते, कमी चिकटणारे पुढे निघते, व प्रत्येकाचे शिखर कागदावर निराळे उमटते. ताण दिलेले नमुने या नळीतून घालविल्यावर औषधाचे शिखर सर्व तुकड्यांच्या शिखरांपासून अलग निघाले, तरच ती मोजण्याची पद्धत विश्वासार्ह मानतात. ताण-परीक्षेचा एक मुख्य हेतू हाच आहे: औषधाची परीक्षा घेण्यापूर्वी परीक्षकाची परीक्षा.

त्यानंतर जमाखर्च मांडतात. मूळच्या शंभर भागांपैकी ८८ भाग औषध उरले आणि तुकडे मिळून ७ भागच भरले, तर उरलेले ५ भाग कोठे गेले याचा जाब द्यावा लागतो. ते वायुरूपाने उडाले असतील, नळीतच अडकून बसले असतील, किंवा ज्या प्रकाशाने मोजणी चालते तो शोषून न घेणारे असतील. हिशेब जुळेपर्यंत दक्ष रसायनज्ञ पुढे जात नाही.

तरीही ही परीक्षा सर्वज्ञ नाही, हे अलीकडच्या एका घटनेवरून दिसून आले. आम्लपित्त व जठरव्रण यांवरील रॅनिटिडीन हे औषध १९८१ पासून जगभर वापरात होते. २०१९ मध्ये त्याच्या गोळ्यांत नायट्रोसोडायमिथिलअमाइन या, माणसांत कर्करोगाला बहुधा कारणीभूत होणाऱ्या द्रव्याचा अंश आढळला. काळ व तपमान यांबरोबर तो वाढत जातो असे दिसून आल्यावर एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने हे औषध बाजारातून काढून घेण्यास सांगितले. भारताच्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळण्यात आले. जवळजवळ चाळीस वर्षे ही गोष्ट नजरेआड राहिली, कारण नेहमीच्या तपासणीत औषधाच्या हजारांश भागाच्या आसपासच्या अशुद्धी शोधतात आणि हे द्रव्य त्याहूनही पुष्कळ कमी प्रमाणात अपायकारक मानले जाते. जाळ्याचे डोळे जेवढे, तेवढाच मासा हाती लागतो.

भारतासारख्या देशात या सर्व प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती हवामानाची. औषधांच्या साठवणीच्या दृष्टीने जगाचे चार विभाग पाडण्यात आले आहेत: समशीतोष्ण, उपोष्ण, उष्ण व कोरडा, आणि उष्ण व दमट. युरोप-अमेरिकेतील दीर्घकालीन परीक्षा बहुधा २५ अंश व ६० टक्के आर्द्रता यांमध्ये घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या यादीत भारतासाठी ३० अंश व ७० टक्के असा निकष दिला आहे. फरक अवघ्या पाच अंशांचा. पण वरील उदाहरणातील विक्रियेचा वेग तेवढ्याने सुमारे पावणेदोनपट होतो, आणि तेथे तीन वर्षे टिकणारे औषध येथे एकवीस महिन्यांतच त्याच अवस्थेला पोहोचते. दमटपणाचा परिणाम याहून निराळा धरावयाचा. कोकणातील पावसाळा किंवा केरळातील हवा कागदी वेष्टनात बांधलेल्या गोळीला काय करील, हे थंड देशातील आकड्यांवरून कळणार नाही.

शिवाय सरासरी तपमान हेही फसवे असते. एखाद्या पत्र्याच्या छपराच्या कोठारात दिवसा बारा तास ४० अंश व रात्री बारा तास २० अंश तपमान असेल, तर त्याची सरासरी ३० अंश येते. पण दिवसाच्या तासांत औषध जेवढे अधिक बिघडते तेवढे रात्रीच्या गारव्याने भरून निघत नाही. हिशेब केला असता असे आढळते, की वरील विक्रियेपुरते हे कोठार कायम ३४ अंशांहून थोडे अधिक तपमान असलेल्या खोलीच्या बरोबरीचे आहे. या हिशेबी तपमानाची रीत हेन्स याने १९७१ मध्ये मांडली. मालमोटारीतून जाणाऱ्या आणि उन्हात तासन् तास उभ्या राहणाऱ्या खोक्यांच्या बाबतीत ती फारच उपयोगी पडते.

औषधाचे मर्मस्थान कळले, की बचावाचे उपाय सुचतात. ज्याला ओल बाधते ते ॲल्युमिनियमच्या पन्नीत बंद करावे. ज्याला उजेड बाधतो ते तपकिरी काचेत ठेवावे. विद्रावाची अम्लता औषधाला सर्वांत मानवेल तेवढी राखावी. कुपीतील हवा काढून तेथे नायट्रोजन भरला म्हणजे ऑक्सिजनचा प्रश्न मिटतो. हृदयशूळावर जिभेखाली ठेवावयाच्या ग्लिसरिल ट्रायनायट्रेटच्या गोळ्यांची तऱ्हा तर न्यारीच. त्यांतील औषध बिघडण्यापेक्षा उडूनच अधिक जाते व प्लॅस्टिकमध्ये मुरते. त्यामुळे त्या गोळ्या काचेच्याच घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवतात, आणि सोयीसाठी दुसऱ्या डबीत काढून ठेवल्या तर ऐन वेळी दगा देतात.

मुदतीच्या तारखेचा अर्थही यावरून स्पष्ट होतो. ती तारीख उलटताच औषध विषारी होते असे नाही. त्या दिवसापर्यंत, सांगितल्याप्रमाणे ठेवल्यास, औषध ठरलेल्या मर्यादेत राहील अशी ती उत्पादकाची हमी असते. अमेरिकेच्या सैन्याने राखून ठेवलेल्या साठ्यांची पुनर्तपासणी करण्याची एक योजना १९८६ मध्ये सुरू झाली. तिचे २००६ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की तपासलेल्या ३,००५ खेपांपैकी ८८ टक्के खेपा मुदतीनंतर निदान एक वर्ष उत्तम राहिल्या. पण त्या मूळच्या वेष्टनात, न उघडता, नियंत्रित कोठारांत ठेवलेल्या होत्या, आणि एकाच औषधाच्या निरनिराळ्या खेपांतही बराच फरक आढळला. घरच्या फळीवरील अर्धवट वापरलेल्या बाटलीला हे आकडे लागू पडत नाहीत.

लहान मुलांसाठी मिळणाऱ्या ॲमॉक्सिसिलिनच्या कोरड्या भुकटीवर, पाणी मिसळल्यानंतर ती किती दिवसांत संपवावी, हे निराळे छापलेले असते. बाटलीवरची मुदत दोन वर्षांची असो. पाणी पडताच पेनिसिलिनच्या कुळातील ते ताणलेले कडे उघडू लागते, आणि वर्षांची मोजणी संपून दिवसांची सुरू होते.